गौरव केवळ देवाचे : योहान सेबास्टियन बाख यांचे जीवन आणि उपासनेतील संगीत

थोर जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांच्या हस्तलिखित स्वरलिपी आजही ग्रंथालयांत काळजीपूर्वक जतन करून ठेवलेल्या आहेत. त्यांतील अनेक धार्मिक रचनांच्या आरंभी जे. जे. ही दोन अक्षरे आणि अखेरीस एस. डी. जी. ही तीन अक्षरे आढळतात. पहिली अक्षरे येसू युवा या लॅटिन शब्दांची आहेत. येशू, साहाय्य कर, असा त्यांचा अर्थ. दुसरी अक्षरे सोली देओ ग्लोरिया या शब्दांची असून गौरव केवळ देवाचे, असा त्यांचा अर्थ होतो. एका प्रार्थनेने आरंभ आणि दुसरीने समाप्ती, अशी बाख यांच्या कामाची रीत होती.

ही अक्षरे लिहिण्याची प्रथा बाख यांनी सुरू केलेली नाही. हेंडेल आणि ग्राउप्नर या त्यांच्या समकालीन संगीतकारांच्या हस्तलिखितांतही देवाच्या गौरवाची ही अक्षरे दिसतात. मात्र त्या तीन अक्षरांचा अर्थ प्रत्यक्ष उपासनेत कसा उतरवावा, या प्रश्नाने बाख यांचे सारे आयुष्य व्यापले होते. चर्चमध्ये संगीत कशासाठी असते? कलावंताचे कौशल्य दिसावे म्हणून, श्रोत्यांचे मन रमावे म्हणून, की देवाचे गौरव व्हावे म्हणून? कौशल्य फार वाढले तर ते देवाला झाकून टाकते काय? आणि देवासाठी म्हणून जे करायचे ते निकृष्ट असून चालेल काय? या प्रश्नांवरून बाख यांचे धर्माधिकाऱ्यांशी, नगरपरिषदेशी आणि शाळाप्रमुखांशी वारंवार खटके उडाले. त्यांचे चरित्र म्हणजे एका अर्थी या वादाचाच इतिहास आहे.

ल्यूथरच्या गावातील बालपण

बाख यांचा जन्म २१ मार्च १६८५ रोजी जर्मनीतील थ्युरिंगिया प्रांतात आयझेनाख या गावी झाला. या गावावर वार्टबुर्ग नावाचा किल्ला आहे. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी १५२१-२२ मध्ये याच किल्ल्यात राहून नव्या कराराचे जर्मन भाषांतर केले होते. ल्यूथर ज्या शाळेत शिकले, त्याच शाळेत पुढे दोन शतकांनी बाल सेबास्टियनचे शिक्षण सुरू झाले.

हा योगायोग महत्त्वाचा आहे. ल्यूथर यांच्या सुधारणेपूर्वी उपासनेतील गायन प्रामुख्याने लॅटिन भाषेत आणि धर्मगुरू व गायनवृंद यांच्या मुखी होते. ल्यूथर यांनी साऱ्या मंडळीने एकत्र गाण्याची जर्मन स्तोत्रगीते रूढ केली. त्यांना कोराल असे म्हणतात. संगीत हे देवाचे वरदान आहे आणि पवित्र शास्त्राच्या खालोखाल त्याचा मान आहे, अशी ल्यूथर यांची धारणा होती. कोरालच्या सुरांवर वाढलेल्या समाजात बाख जन्मले आणि आयुष्यभर त्यांनी त्याच सुरांची सेवा केली.

त्यांच्या घराण्यात कित्येक पिढ्या संगीताचा व्यवसाय चालत आला होता. वडील योहान अँब्रोझिअस हे गावाचे नियुक्त वादक होते. परंतु १६९४ मध्ये आई आणि १६९५ च्या आरंभी वडील निवर्तले. वयाची दहा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच पोरका झालेला हा मुलगा ओरड्रूफ येथे ऑर्गनवादक असलेल्या थोरल्या भावाच्या आश्रयाला गेला. भावाने कपाटात बंद करून ठेवलेले स्वरलिपींचे पुस्तक त्याने सहा महिने चंद्रप्रकाशात बसून गुपचूप उतरवून घेतले आणि ते उघडकीस येताच भावाने ती नक्कल काढून घेतली, अशी कथा त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या चरित्रलेखात सांगितलेली आहे. पुढे १७०० मध्ये ल्यूनेबर्ग येथील शाळेत गायक विद्यार्थी म्हणून त्यांना प्रवेश मिळाला.

आर्नस्टाट : पहिला वाद

वयाच्या अठराव्या वर्षी, १७०३ मध्ये, बाख आर्नस्टाट येथील नव्या चर्चचे ऑर्गनवादक झाले. मंडळीच्या गायनाला साथ करणे हे त्यांचे मुख्य काम होते. १७०५ च्या शरद ऋतूत त्यांनी चार आठवड्यांची रजा घेतली आणि सुमारे ४०० किलोमीटरचे अंतर पायी तोडून ते ल्यूबेक येथे गेले. त्या काळचे श्रेष्ठ ऑर्गनवादक डिट्रिख बुक्स्टेहूड यांचे वादन त्यांना ऐकायचे होते. चार आठवड्यांच्या रजेचे जवळजवळ चार महिने झाले. परतल्यानंतर, फेब्रुवारी १७०६ मध्ये, धर्ममंडळाने त्यांना जाब विचारला.

या चौकशीची नोंद उपलब्ध आहे. रजा वाढवल्याचा आरोप तर होताच. पण दुसरी तक्रार अधिक अर्थपूर्ण होती. बाख कोरालची साथ करताना इतके चमत्कारिक आलाप आणि परके स्वर मिसळतात की मंडळी गोंधळून जाते, असे धर्ममंडळाचे म्हणणे होते. पूर्वी ते फार लांबलचक वाजवीत. त्याबद्दल समज दिल्यावर ते दुसऱ्या टोकाला जाऊन अगदीच थोडे वाजवू लागले, असेही त्या नोंदीत आहे.

तरुण बाख यांच्या स्वभावातील हट्ट येथे दिसतो, तसाच धर्ममंडळाच्या तक्रारीतील खरेपणाही दिसतो. साथीदाराच्या कौशल्यामुळे जर गाणाऱ्यांना आपलेच स्तोत्र हरवल्यासारखे वाटले, तर त्या क्षणी उपासनेच्या केंद्रस्थानी देव नसतो, वादक असतो. पुढील काळातील बाख यांच्या कोराल रचना पाहिल्या की हा धडा वाया गेला नाही, असे म्हणता येते. सुरावट कितीही गुंफलेली असो, मूळ स्तोत्राची चाल त्या विणीतून स्पष्ट ऐकू येते.

ध्येयाचा उच्चार

१७०७ मध्ये बाख म्यूलहाउझेन येथील सेंट ब्लासिउस चर्चमध्ये रुजू झाले. त्याच वर्षी मार्या बार्बारा हिच्याशी त्यांचा विवाह झाला. ल्यूथरपंथात त्या काळी पाएटिस्ट नावाची भक्तिप्रधान चळवळ जोर धरत होती. अंतःकरणातील साधी भक्ती हीच खरी उपासना आणि चर्चमधील अलंकृत संगीत हा तिला अडथळा, असे या चळवळीतील अनेकांचे मत होते. उलट परंपरावादी ल्यूथरपंथीयांना संगीत हे देवाच्या वचनाचे वाहन वाटत असे.

अवघ्या एका वर्षात बाख यांनी म्यूलहाउझेनचा राजीनामा दिला. जून १७०८ मधील त्या पत्रात त्यांनी आपले ध्येय प्रथमच लेखी मांडले. देवाच्या गौरवासाठी सुव्यवस्थित चर्चसंगीत उभारणे हे आपले अंतिम उद्दिष्ट असून येथे त्यात अडचणी येतात, असा त्या पत्राचा आशय आहे. त्या वेळी ते २३ वर्षांचे होते. सुव्यवस्थित हा शब्द येथे लक्षात ठेवण्याजोगा आहे. गौरव हे केवळ भावनेचे काम नाही. त्यासाठी तयार गायक, पुरेसे वादक, सुस्थितीतील वाद्ये आणि नियमित तालीम लागते, अशी त्यांची दृष्टी होती.

यानंतर ते वायमारच्या दरबारात ऑर्गनवादक झाले. १७१४ मध्ये बढती मिळाल्यावर दरमहा एक नवा कॅंटाटा रचण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. गायक आणि वाद्यवृंद यांच्यासाठी रचलेल्या, अनेक भागांच्या गेय रचनेला कॅंटाटा म्हणतात. वायमारमध्येच त्यांनी ऑर्गनसाठी छोट्या कोराल रचनांचा संग्रह आरंभला. एकूण १६४ रचनांची योजना होती. त्यांपैकी ४६ पूर्ण झाल्या. या संग्रहाच्या मुखपृष्ठावर त्यांनी दोन हेतू नोंदवले आहेत. परात्पर देवाचा सन्मान व्हावा, हा पहिला; आणि शेजाऱ्याला त्यातून शिकता यावे, हा दुसरा. देवावर आणि शेजाऱ्यावर प्रीती करण्याची ख्रिस्ताची आज्ञा एका ऑर्गन-पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर अशी उतरली आहे.

वायमारचा निरोप मात्र कडू ठरला. दुसऱ्या दरबारात जाण्यासाठी त्यांनी इतक्या आग्रहाने मुक्ती मागितली की ड्यूकने नोव्हेंबर १७१७ मध्ये त्यांना जवळजवळ चार आठवडे कैदेत ठेवले आणि नंतर रोषाने कामावरून मुक्त केले.

पुढील मुक्काम क्योथेन येथे होता. तेथील राजपुत्र लिओपोल्ड स्वतः संगीतप्रेमी होता. परंतु त्याचा दरबार कॅल्व्हिनपंथीय असल्यामुळे तेथील उपासनेत विस्तृत संगीताला जागा नव्हती. बाख यांनी या काळात मुख्यतः वाद्यसंगीत रचले. १७२१ मध्ये अर्पण केलेले ब्रांडेनबर्ग कॉन्चेर्टो याच काळातील आहेत. थोरल्या मुलाला शिकवण्यासाठी जानेवारी १७२० मध्ये सुरू केलेल्या वहीच्या आरंभीही त्यांनी येशूच्या नावाने या अर्थाची लॅटिन अक्षरे घातली. लहान मुलाने बोटे वळवण्याचा सरावही देवासमोरच करायचा, असा त्यामागील भाव होता. त्याच वर्षी जुलै महिन्यात बाख राजपुत्राबरोबर कार्ल्सबाड येथे गेले असता मार्या बार्बारा मरण पावली. ते परतले तेव्हा तिचे दफनही झालेले होते. डिसेंबर १७२१ मध्ये त्यांनी गायिका आना माग्दालेना हिच्याशी विवाह केला. दोन्ही विवाहांतून त्यांना वीस मुले झाली. त्यांपैकी दहाच मोठी झाली.

लाइपझिगची नेमणूक

१७२२ मध्ये लाइपझिग येथील सेंट थॉमस शाळेच्या कांटरचे, म्हणजे संगीतप्रमुखाचे, पद रिकामे झाले. नगरपरिषदेची पहिली पसंती टेलेमान यांना होती. त्यांनी नकार दिला. दुसरी पसंती ग्राउप्नर यांना मिळाली. पण त्यांच्या धन्याने त्यांना सोडले नाही. मग बाख यांचे नाव पुढे आले. उत्तम माणूस मिळत नसेल तर मध्यम दर्जाचा घ्यावा लागेल, अशा आशयाचे मत एका सदस्याने त्या काळात मांडल्याची नोंद आहे. एप्रिल १७२३ मध्ये बाख यांची निवड झाली आणि ३० मे रोजी सेंट निकोलस चर्चमध्ये त्यांचा पहिला कॅंटाटा सादर झाला.

नेमणुकीच्या वेळी बाख यांनी जी वचने दिली, त्यांत एक विशेष होते. चर्चमधील संगीत फार लांबू नये, ते ऑपेराच्या थाटाचे होऊ नये आणि ऐकणाऱ्यांना भक्तीकडे वळवणारे असावे, असे ते वचन होते. परिषदेची भीती अनाठायी नव्हती. ऑपेरात प्रेक्षक गायकाच्या गळ्यासाठी येतात. उपासनेत मंडळी देवासमोर येते. दोहोंची साधने बरीचशी सारखी असल्यामुळे त्यांतील सीमारेषा सहज पुसली जाऊ शकते. बाख यांनी ऑपेराच्या शैलीतील साधने, म्हणजे एकल गीत आणि गद्यप्राय गायन, मोकळेपणाने वापरली. पण ती पवित्र शास्त्राच्या अर्थाला जोडून वापरली.

रविवारची उपासना

लाइपझिगमध्ये रविवारची मुख्य उपासना सकाळी सात वाजता सुरू होऊन तीन ते चार तास चालत असे. त्या दिवशीचे शुभवर्तमान वाचले जाई, त्यानंतर सुमारे वीस ते तीस मिनिटांचा कॅंटाटा होई आणि मग जवळजवळ तासाभराचे प्रवचन. म्हणजे कॅंटाटा हा उपासनेच्या मध्ये घातलेला करमणुकीचा कार्यक्रम नव्हता. वाचलेल्या वचनाचा अर्थ सुरांतून उलगडणारे ते एक प्रवचनच असे. त्याचा शेवट बहुधा एखाद्या साध्या, चार स्वरांत बांधलेल्या कोरालने होई. तो कोराल मंडळीच्या परिचयाचा असे. सुरुवातीच्या कठीण गुंफणीतून निघालेले संगीत अखेर सर्वांच्या ओठांवरील स्तोत्रापाशी येऊन थांबे.

पहिल्या काही वर्षांत बाख जवळजवळ दर आठवड्याला नवा कॅंटाटा रचीत असत. रचना पूर्ण होताच पत्नी, मुले आणि शिष्य मिळून गायक-वादकांसाठी वेगवेगळ्या प्रती उतरवीत. तालमीला वेळ अगदी अपुरा मिळे. याखेरीज शाळेतील अध्यापन, नगरातील चार चर्चना गायक पुरवणे, विवाह आणि अंत्यविधी यांचे संगीत अशी अनेक कामे असत. आज त्यांचे सुमारे २०० धार्मिक कॅंटाटा उपलब्ध आहेत. आणखी बरेच नाहीसे झाले असावेत.

ल्यूथरपंथीय पंचांगानुसार आगमनकाळाच्या बहुतांश रविवारी आणि उपवासकाळात लाइपझिगच्या चर्चमधून असे विस्तृत संगीत बंद ठेवले जाई. बाख हा काळ पुढील मोठ्या रचनांसाठी वापरीत. त्या मौनानंतर गुड फ्रायडेच्या सायंउपासनेत ख्रिस्ताच्या दुःखसहनाची कथा संगीतातून सादर होई. या प्रकाराला पॅशन म्हणतात.

वधस्तंभ आणि गौरव

योहानकृत शुभवर्तमानावर आधारित पॅशन ७ एप्रिल १७२४ रोजी सेंट निकोलस चर्चमध्ये प्रथम सादर झाले. त्याचा आरंभच विलक्षण आहे. दुःखाच्या कथेची सुरुवात विलापाने न होता प्रभूच्या गौरवाच्या घोषाने होते. अत्यंत दीन अवस्थेतही तुझे गौरव कसे झाले हे आम्हाला दाखव, अशी प्रार्थना गायनवृंद करतो. गौरव म्हणजे केवळ वैभव आणि जयजयकार नव्हे. ख्रिस्ती श्रद्धेनुसार ते वधस्तंभावरच पूर्णपणे प्रकट झाले, हा योहानाच्या शुभवर्तमानाचा गाभा बाख यांनी पहिल्याच समूहगीतात मांडला.

मत्तयकृत शुभवर्तमानावरील पॅशन ११ एप्रिल १७२७ रोजी सेंट थॉमस चर्चमध्ये सादर झाले, असे अभ्यासक मानतात. दोन गायनवृंद, दोन वाद्यवृंद आणि सुमारे पावणेतीन तासांचा विस्तार असलेली ही रचना आहे. त्यात येशूच्या मुखातील प्रत्येक वाक्याभोवती तंतुवाद्यांचे मंद सूर एखाद्या प्रभावलयासारखे तरळत राहतात. फक्त एका ठिकाणी ते थांबतात. वधस्तंभावर, देवाने आपल्याला सोडून दिले असा आक्रोश येशू करतो, तेथे हे वलय नाहीसे होते. पुढे १७३६ च्या सुमारास बाख यांनी या रचनेची स्वच्छ प्रत तयार केली, तेव्हा शुभवर्तमानातील शब्द त्यांनी लाल शाईने लिहिले. स्वतःच्या संगीताला काळी शाई आणि देवाच्या वचनाला लाल, अशी ती प्रत आजही पाहता येते.

राजाच्या स्तुतीसाठी रचलेले संगीतही बाख यांच्या हातून उपासनेत आले. १७३४ च्या नाताळात सुरू झालेला त्यांचा ख्रिसमस ऑरेटोरिओ सहा भागांचा असून २५ डिसेंबर १७३४ ते ६ जानेवारी १७३५ या काळात वेगवेगळ्या दिवशी सादर झाला. त्यातील आरंभीचे समूहगीत मूळचे राणीच्या वाढदिवसासाठी १७३३ मध्ये रचलेले होते. नगारे आणि तुताऱ्या त्याच राहिल्या. शब्द बदलले आणि राणीच्या जागी गोठ्यात जन्मलेला बालक आला.

नगरपरिषदेशी संघर्ष

अशा संगीतासाठी लागणारी साधने मात्र अपुरी पडत होती. २३ ऑगस्ट १७३० रोजी बाख यांनी नगरपरिषदेला एक सविस्तर निवेदन सादर केले. सुव्यवस्थित चर्चसंगीतासाठी प्रत्येक गायनवृंदात किमान बारा, शक्यतो सोळा गायक आणि त्यांच्या जोडीला अठरा ते वीस वादक हवेत, असे त्यांनी लिहिले. प्रत्यक्षात परिषदेच्या पगारावर आठच वादक होते. शाळेतील मुलांची त्यांनी नावानिशी वर्गवारी केली. १७ उपयोगी, २० अजून तयार न झालेली आणि १७ गाण्यास असमर्थ. शाळेत प्रवेश देताना आवाज आणि संगीताची जाण पाहिली जात नाही, ही त्यांची मुख्य तक्रार होती. परिषदेच्या मते बाख शिकवण्याकडे दुर्लक्ष करीत होते आणि वागण्यात ताठर होते. निवेदनातून फारसे काही निष्पन्न झाले नाही.

बाख यांना संत ठरवण्याची गरज नाही. त्याच वर्षी एका जुन्या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी दुसरी नोकरी शोधण्याची इच्छा व्यक्त केली. हवा निरोगी राहिली की अंत्यविधी कमी होतात आणि आपले उत्पन्न घटते, असे गाऱ्हाणेही त्यांनी त्यात मांडले. १७३३ मध्ये सॅक्सनीच्या इलेक्टरला त्यांनी एका मिस्साचे दोन भाग अर्पण केले, त्यामागे दरबारी किताब मिळवण्याचा उघड हेतू होता. तो किताब १७३६ मध्ये मिळाला. गायक मुलांचा नायक कोणी नेमायचा, यावरून शाळाप्रमुखांशी त्यांचा प्रदीर्घ तंटा झाला. १७३९ मध्ये परवानगीशिवाय पॅशन सादर करू नये असे परिषदेने कळवले, तेव्हा आपल्याला त्यातून काही लाभ नाही, ते केवळ ओझेच आहे, असे त्रासिक उत्तर त्यांनी दिले.

टीका कलेच्या बाजूनेही झाली. १७३७ मध्ये योहान आडोल्फ शाइबे या तरुण समीक्षकाने बाख यांचे संगीत अतिगुंतागुंतीचे, नैसर्गिक सौंदर्य झाकून टाकणारे आणि गोंधळात पाडणारे आहे, असे लिहिले. आर्नस्टाटच्या धर्ममंडळाचा आक्षेपच तीस वर्षांनंतर वेगळ्या भाषेत पुन्हा आला होता. या साऱ्यात बाख यांनी एक गोष्ट सोडली नाही. कमी साधनांत काम भागवावे लागले तरी रचनेचा दर्जा त्यांनी खाली आणला नाही. जे देवासमोर ठेवायचे ते आपल्याकडून होईल तितके परिपूर्ण असावे, हा त्यांचा आग्रह होता.

पवित्र शास्त्राच्या समासात

बाख यांच्या अंतरंगाची एक दुर्मीळ खूण विसाव्या शतकात हाती आली. आब्राहाम कालोव या धर्मपंडिताने भाष्यासह संपादित केलेल्या पवित्र शास्त्राचे तीन खंड बाख यांच्या संग्रही होते. त्यांवर त्यांची नाममुद्रा आणि १७३३ हे वर्ष आहे. हे खंड १९३४ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात सापडले. ते आता सेंट लुईस येथील कॉन्कॉर्डिया सेमिनरीच्या ग्रंथालयात आहेत.

त्यांच्या समासात बाख यांनी स्वतःच्या हाताने टिपणे केली आहेत. जुन्या करारातील इतिहास या ग्रंथांपाशी ती विशेष बोलकी आहेत. दावीद राजाने मंदिरातील सेवेसाठी गायक आणि वादक नेमल्याचा वृत्तान्त जेथे येतो, तेथे देवाला मान्य असलेल्या सर्व चर्चसंगीताचा खरा पाया हाच अध्याय आहे, अशा आशयाची नोंद त्यांनी केली. शलमोनाच्या मंदिराच्या अर्पणप्रसंगी गायक आणि तुतारी वाजवणारे एकस्वराने देवाची स्तुती करू लागले आणि मंदिर मेघाने भरून गेले, असे वर्णन आहे. त्या ठिकाणी, भक्तिपूर्ण संगीत होते तेथे देव आपल्या कृपेसह नेहमी उपस्थित असतो, असे बाख यांनी नोंदवले.

ही टिपणे प्रसिद्धीसाठी नव्हती. म्हणूनच त्यांचे मोल अधिक आहे. बाख यांच्या दृष्टीने गायक आणि वादक हे प्राचीन मंदिरातील लेवींचे वारस होते. १७३८ सालच्या, त्यांच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या शिकवणीच्या टिपणांतही हाच विचार आहे. साथीच्या खर्जस्वरांचा हेतूदेखील देवाचे गौरव आणि मनाला उचित विसावा हाच असला पाहिजे. तो नसेल तर उरतो तो नुसता गोंगाट, असे तेथे बजावले आहे. हे मूळ प्रतिपादन नीट नावाच्या एका पूर्वसूरीचे. बाख यांच्या शिकवणीत ते आपलेसे केले गेले.

अखेरची वर्षे

१७४७ मध्ये प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा याने बाख यांना पॉट्सडॅम येथे बोलावून त्यांच्या कौशल्याची परीक्षा घेतली. राजाने दिलेल्या सुरावटीवर त्यांनी जागच्या जागी फ्यूग रचून वाजवला. कीर्तीचा असा प्रसंग दुर्मीळच. तथापि त्या वर्षांतील त्यांचे सर्वांत मोठे काम कोणाच्याही आज्ञेवरून झाले होते असे दिसत नाही. १७३३ मधील दोन भागांना नवे आणि जुने भाग जोडून त्यांनी १७४९ च्या सुमारास बी मायनर मिस्सा पूर्ण केला. त्यातील एक भाग १७२४ च्या नाताळासाठी रचलेला होता. ल्यूथरपंथीय उपासनेत एवढा मोठा लॅटिन मिस्सा सलग सादर करण्याची रीत नव्हती आणि बाख यांच्या हयातीत तो पूर्ण रूपात सादर झाल्याचा पुरावा नाही. या हस्तलिखिताला २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत स्थान मिळाले.

याच सुमारास त्यांची दृष्टी क्षीण झाली. १७५० च्या वसंतात जॉन टेलर या इंग्रज नेत्रवैद्याने दोनदा शस्त्रक्रिया केली. ती अपयशी ठरली आणि प्रकृती ढासळली. अंधत्वात त्यांनी देवाच्या सिंहासनासमोर उभे राहण्याविषयीचा एक कोराल तोंडी सांगून लिहवून घेतला, असे सांगितले जाते. २८ जुलै १७५० रोजी, वयाच्या ६५ व्या वर्षी, लाइपझिगमध्ये त्यांचे निधन झाले. सेंट जॉन चर्चच्या आवारातील त्यांच्या थडग्यावर स्मृतिशिलाही नव्हती. आना माग्दालेना १७६० मध्ये दारिद्र्यात वारली.

चर्चमधून सभागृहात

बाख यांचे धार्मिक संगीत त्यांच्यानंतर मोठ्या प्रमाणात विस्मृतीत गेले. ११ मार्च १८२९ रोजी वीस वर्षांच्या फेलिक्स मेंडेल्सझोन यांनी बर्लिन येथे मत्तय पॅशन पुन्हा सादर केले आणि बाख यांचा नव्याने शोध लागला. १८५० मध्ये लाइपझिगला त्यांच्या समग्र रचना प्रसिद्ध करण्यासाठी संस्था स्थापन झाली. पुढे १८९४ मध्ये त्यांचे मानले गेलेले अवशेष शोधून काढण्यात आले. १९५० पासून ते सेंट थॉमस चर्चमध्ये आहेत.

मात्र या पुनरुज्जीवनात एक बदल झाला होता. बर्लिनचा तो प्रयोग उपासनेत नव्हे, तर सिंगाकाडेमी या संस्थेच्या सभागृहात, तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांसमोर झाला. मध्ये प्रवचन नव्हते आणि अखेरीस आशीर्वचन नव्हते. जे संगीत देवाचे गौरव केंद्रस्थानी ठेवण्यासाठी रचले होते, त्याच्या केंद्रस्थानी आता स्वतः बाख आले. एस. डी. जी. ही अक्षरे लिहिणाऱ्या माणसाला हे रुचले असते काय, हा प्रश्न रास्त आहे.

त्याला दुसरी बाजूही आहे. १९७७ मध्ये अंतराळात सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरील संगीताची सुवर्णतबकडी आहे. तिच्यात बाख यांच्या तीन रचना आहेत आणि गोव्यातील केरी या गावी जन्मलेल्या सुरश्री केसरबाई केरकर यांनी गायलेली भैरवीही आहे. बाख यांच्या त्या तीनही रचना वाद्यसंगीताच्या आहेत. त्यांत उपासनेचा एकही शब्द नाही. पण देवासाठी केलेले काम आणि इतर काम अशी दोन खाती त्यांनी ठेवलीच नव्हती. मुलाच्या सरावाच्या वहीवर येशूचे नाव घालणाऱ्याला ती ठेवता आली नसती.

लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये गायक मुलांचा तो वृंद आजही बाख यांच्या रचना उपासनेत गातो. जगभरातील ख्रिस्ती मंडळ्यांत उपासनेच्या संगीताविषयी आजही वाद होतात. जुनी स्तोत्रे की नवी, ऑर्गन की गिटार, साधेपणा की भव्यता, हे त्यांचे विषय. बाख यांच्या जीवनातून त्यांपैकी कोणत्याही एका बाजूचा निकाल मिळत नाही. उपासना संपल्यावर घरी परतणाऱ्याच्या मनात गायक राहतो की ज्याची स्तुती गायली तो राहतो, एवढी एकच कसोटी तेथे सापडते. बाख यांनी ती आपल्या प्रत्येक आठवड्याच्या कामाला लावली. कधी ते तिला उतरले, कधी वैतागले आणि थकलेही. पण पुढच्या रविवारसाठी नवा कागद घेताना त्यांनी वर पुन्हा तीच दोन अक्षरे लिहिली आणि अखेरीस तीच तीन.